माणसं वाढली की भीड कमी होते

(हे या भागाचं लिखित रूप. बरंचसं बोलले तसंच ठेवलं आहे. मध्ये शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तेवढ्या काढल्या.)



आज सुरुवात एका रविवारपासून करते. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, वन बीएचके. सोफा भिंतीला सरकवलेला. शेजारून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या धरून चौदा जणींची बसायची सोय. दिवाणावर पांढरी चादर आणि तिच्यावर माझ्या इरकल साड्या ओळीने लावलेल्या. स्वयंपाकघरात वीस जणींना पुरतील एवढे पोहे. वेळ दिली होती अकराची. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. आल्या किती? तीन.

ज्यांच्या घरी हे चाललं होतं त्या वहिनी दर पाच मिनिटांनी मोबाईल बघत होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी चार दिवस आधी मेसेज टाकला होता. "माझ्या घरी साड्यांचं प्रदर्शन आहे, सर्वांनी अवश्य यावे." खाली हात जोडलेले, फुलं, सगळं. त्रेचाळीस जणींनी तो वाचलेला दिसत होता. उत्तर म्हणून अकरा अंगठे आले होते. मंडळी, अंगठा म्हणजे होकार नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती, पुढे झाली. आलेल्या तिघींनी तिन्ही साड्या घेतल्या. शंभर टक्के विक्री! कागदावर बघाल तर झकास. पण त्यातल्या एकीचा चेहरा मला आजही आठवतो. तिने आधी किंमत बघितली, मग वहिनींकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "द्या ही." दोन हजार चारशेची साडी. रंगही तिने नीट बघितला नव्हता.

दोन महिन्यांनी वहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, "अगं, ती आता आमच्याकडे येतच नाही. लिफ्टमध्ये भेटली तरी मोबाईलमध्ये डोकं घालते." त्या दोघींची मैत्री मुलं बालवाडीत असल्यापासूनची. आणि मी मध्ये माझ्या साड्या घेऊन गेले.

त्या फोननंतर मी हा धंदाच बंद करणार होते. बंद केला नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे. विषय साधा आहे. घरी प्रदर्शन ठेवायचं, तर घरच्या बाईने जास्त माणसं बोलवायची. माल जास्त खपावा हे एक कारण आहेच, ते मी लपवत नाही. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे, त्याकडे येते.

आधी थोडा इतिहास, कारण तो मला फार आवडतो.

घरी पाहुण्या बोलवायच्या, चहा-खाणं करायचं आणि त्यातच वस्तू दाखवून विकायच्या, ही पद्धत जगभर गाजली ती प्लास्टिकच्या डब्यांमुळे. अमेरिकेत अर्ल टपर नावाच्या माणसाने घट्ट झाकणाचे डबे काढले. 1946 साली ते दुकानात आले आणि तिथेच पडून राहिले. का? कारण झाकण दाबून, हवा काढून ते कसं बसवायचं हे गिऱ्हाइकाला कळेना. दुकानातला माणूस ते दाखवत बसणार नाही. मग ब्राउनी वाइज नावाची एक बाई पुढे आली. घटस्फोटित, एक लहान मुलगा पदरात. ती हे डबे लोकांच्या घरी, मैत्रिणींच्या घोळक्यात विकायला लागली. द्रव भरलेला डबा झाकण लावून सरळ खोलीत भिरकावून द्यायची. डबा आपटायचा, पण थेंब सांडायचा नाही. झालं! हजार जाहिराती एका बाजूला आणि ही फेक एका बाजूला.

तिची विक्री बघून 1951 साली टपरने आपला माल दुकानांतून काढूनच घेतला. विकायचं ते फक्त घरोघरच्या पार्ट्यांत. आणि वाइजला उपाध्यक्ष केलं. 1954 मध्ये ती 'बिझनेस वीक' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आली. तिथे झळकलेली ती पहिली बाई. आणि 1958 च्या जानेवारीत तिला कामावरून काढलं. कंपनीचा एक शेअरसुद्धा तिच्या नावावर नव्हता. हातात काय आलं, तर साधारण वर्षभराचा पगार.

आपल्याकडे हे डबे 1996 मध्ये आले. तुमच्यापैकी काहींच्या आईने अशा एखाद्या पार्टीत डबा घेतला असेल, आणि तो शाळेत हरवून आल्यावर तुम्ही जो ओरडा खाल्ला असेल तो तुम्हाला आजही आठवत असेल. डबा हरवला तर चालेल, पण तो डबा नाही!

तर वाइजबाईंकडून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, वस्तू हातात देऊन दाखवल्याशिवाय कळत नाही. दुसरी, ज्या बाईच्या जिवावर माणसं जमतात तिचा वाटा आधी ठरवायचा, नंतर नाही.

पण मैत्रीचं काय? एक मानसशास्त्रज्ञ आहेत, रॉबर्ट चाल्डिनी. त्यांचं 'इन्फ्लुअन्स' नावाचं पुस्तक 1984 साली आलं. त्यात त्यांनी याच डब्यांच्या पार्टीचं उदाहरण दिलं आहे. मुद्दा असा, की डबे दाखवते विक्रेती, पण विकत घ्यायला लावते ती यजमानीण. ती एक शब्दही बोलत नाही. ती फक्त मैत्रीण असते, हसत चहा देत असते. आणि नाही म्हणायचं, तर ते तिला म्हणावं लागतं.

मला हे वाचायची गरजच नव्हती हो. आपल्या भाषेत याला एक शब्द आहे. भीड. आणि आजी म्हणायची तेही ठाऊक आहे, भीड भिकेची बहीण.

घरच्या प्रदर्शनात भीड दोन्हीकडे असते. बोलावणारीला बोलवायची भीड. "लोकं म्हणतील, मैत्रीच्या नावाखाली दुकान मांडलं." म्हणून ती काय करते? ग्रुपवर एक मोघम मेसेज टाकते आणि सुटका करून घेते. कुणाला नावाने बोलवत नाही. आणि येणारीला न घेता जायची भीड. मग ज्यांना जास्त भीड असते त्याच दोघी-तिघी येतात, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. म्हणजे बघा, कमी बोलावण्यात आपण कुणाला गोळा करतो? नेमकं ज्यांना नकार देता येत नाही अशांनाच! आणि मग त्यांना रिकाम्या खुर्च्यांसमोर बसवतो.

आता तोच हॉल डोळ्यांसमोर आणा, पण चौदा जणी आल्या आहेत. दोघी साडी बघतायत, एकजण पोह्यांत खोबरं कमी पडलं म्हणते, दोघींची पोरं दिवाणाखाली शिरली आहेत, एक उगाच सूनबाईचं गाऱ्हाणं सांगते आहे. यात कोण घेऊन गेलं आणि कोण नुसता चहा पिऊन गेलं, कोण मोजतंय? चौदांतल्या चौघींनी घेतल्या तरी माझा दिवस निघतो. उरलेल्या दहा जणी मोकळ्या मनाने घरी जातात. तिघींत मात्र तिघींनी घ्यावं लागतं. हिशोब एवढाच आहे.

म्हणून मी आता प्रत्येक होस्टला पहिल्या भेटीत हेच सांगते. जास्त माणसं बोलावणं ही हाव नाही. येणाऱ्या प्रत्येकीच्या खांद्यावरचं ओझं त्याने हलकं होतं.

बरं, बोलवायचं कसं? मागच्या संक्रांतीच्या आधीचा प्रसंग सांगते. होस्ट माझ्याच वयाची, बँकेत नोकरी करणारी. मी तिला म्हटलं, "वही घे."

"वही कशाला? ग्रुपवर टाकते ना."

"ग्रुपवर नंतर टाक. आधी नावं लिही."

तिने लिहिली. सात नावं. आणि पेन ठेवलं. "एवढ्याच गं माझ्या ओळखी."

मी विचारलं, "सकाळच्या लोकलला तुझ्या डब्यात कोण कोण असतं?"

"अगं हो!" पाच नावं वाढली.

"मुलीच्या शाळेच्या गेटवर कुणाबरोबर उभी राहतेस?" चार. "योगाच्या क्लासला?" दोन. "बँकेतल्या?" तीन. "माहेरची माणसं कल्याणला आहेत ना?" वहिनी आणि मावसबहीण. "पोळ्या करायला येतात त्या मावशी?"

इथे ती थांबली. "त्या कुठे घेणार साडी?"

मी म्हटलं, "त्या घेणार की नाही हे तू का ठरवतेस?"

मंडळी, यादी छोटी राहते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. आपण लोकांच्या वतीने आधीच नकार देऊन टाकतो. ती घेणार नाही, तिला आवडणार नाही, तिच्याकडे भरपूर आहेत, तिला परवडणार नाही. बोलावणं घेणं न घेणं हा तिचा हक्क. आपलं काम दार उघडं ठेवायचं. त्या पोळ्यावाल्या मावशी आल्या, नंतर कळलं की त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी खणाची दोन ब्लाउजपिसं घेतली, एक हिरवं, एक जांभळं. पण त्यांनी काही घेतलं नसतं तरी त्या आल्या आणि खुर्चीवर बसून चहा प्यायल्या, हे मला पुरेसं होतं.

यादी चोवीसवर गेली. मग मी विचारलं, "तुझ्या समोरच्या दारात कोण राहतं?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "समोर काकू आहेत. पण काका गेले ना मागच्या वर्षी. आणि आपण संक्रांतीचं हळदीकुंकू आणि साड्या एकत्र ठेवतोय. त्यांना बोलावलं तर त्यांनाच वाईट वाटेल."

आता यात वाईट हेतू काहीच नव्हता. उलट ती त्यांना जपतच होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं, वाण लुटतात, आणि ज्यांचा नवरा गेला त्यांचं दार तेवढं वगळलं जातं. कुणी ठरवून वाईट वागत नाही. नुसतं नाव यादीत येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो राज्यभर गाजला. ठराव गावाने करायचा असतो, पण यादी आपली आपणच करतो.

मी तिला एवढंच म्हटलं, "त्यांना वाईट वाटेल की नाही, हे त्यांना विचारू या का?"

दोघी मिळून समोरच्या दारात गेलो. तिने सरळ सांगितलं, "काकू, रविवारी तिळगूळ, चहा आणि इरकल साड्या. सगळ्याच जणी आहेत. तुम्ही याल का?" काकू दाराला हात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इरकल? माझं माहेर बागलकोटकडचं. टोप-तेणी बघायला येईन."

ते टोप-तेणी काय, ते सांगते. इरकल साडीचं अंग वेगळ्या ताण्याचं आणि पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाला सुती धागा, पदराला रेशमी. हे दोन्ही ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात, त्याला टोप-तेणी म्हणतात. त्या जोडावर बोट फिरवलं की कळतं. मी हे दरवेळी दाखवते. माझी ती डबा भिरकावण्याची करामत म्हणा. पण त्या रविवारी ते दाखवलं काकूंनी. खुर्ची पुढे ओढली, पदराचा जोड बोटावर घेतला आणि आजूबाजूच्या पोरींना सांगायला लागल्या, की आमच्या गल्लीत सकाळी मागांचा आवाज सुरू झाला की आम्ही उठायचो. बँकेतल्या मुली मांडी घालून खाली बसल्या ऐकायला. मी बाजूला उभी राहून चहाचे कप गोळा करत होते.

आता कामाच्या गोष्टी पटापट सांगते, म्हणजे कुणाला घरी काही ठेवायचं असेल तर उपयोग होईल. साड्याच असं नाही. कंदील, फराळ, मातीचे दागिने, झाडांची रोपं, काहीही.

पहिलं, बोलावणं एकेकीला, नावाने. फोन उत्तम. फोनची लाज वाटत असेल तर व्हॉइस नोट. तेही नको असेल तर निदान तिच्या एकटीच्या चॅटमध्ये मेसेज. "सर्वांनी यावे" म्हटलं की सगळ्यांना वाटतं, बाकीच्या जातीलच.

दुसरं, विक्री आहे हे लपवायचं नाही. "सहज चहाला ये गं" म्हणून बोलवायचं आणि आत गेल्यावर साड्यांचा ढीग, याच्यासारखा विश्वासघात नाही. मी होस्टला वाक्यच लिहून देते. "माझ्याकडे रविवारी अकरा ते एक इरकल साड्या बघायला आहेत. किंमत बाराशेपासून अडीच हजारांपर्यंत. घ्यायचीच असं मुळीच नाही, तू आलीस की मला बरं वाटेल." बघा, काय आहे, कधी संपणार आहे, किती पैशांचं आहे आणि न घेण्याची मोकळीक. चार गोष्टी एका दमात. आणि शेवटची गोष्ट मनापासून म्हणायची. उगाच तोंडदेखलं म्हटलं तर समोरचीला कळतं.

तिसरं, वेळ. आमच्याकडे रविवार म्हणजे मेगाब्लॉक. ठाण्याहून, कल्याणहून कुणी येणार असेल तर आधी ब्लॉकचं वेळापत्रक बघा, मग वेळ ठरवा. नोकरी करणाऱ्या जास्त असतील तर रविवार, घरी असणाऱ्या जास्त असतील तर मधल्या वारी दुपारी चार ते सहा. मुलांना चालेल का, हे बोलावतानाच सांगून टाका. "पोराला घेऊन ये" या तीन शब्दांवर कित्येक जणी येतात.

चौथं, आदल्या दिवशी आठवण. माझ्या वहीतला अनुभव सांगते. चोवीस जणींना बोलावलं तर पंधरा-सोळा "येते" म्हणतात आणि दहा-बारा येतात. कुणाचं पोर आजारी पडतं, कुणाकडे पाहुणे येतात. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. चौदा खुर्च्या भरायच्या तर चौदांना बोलावून भागत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. आणि घर लहान असेल, तर सगळ्यांना एकदम न बोलावता दोन वेळा द्या. अकराला एक गट, बाराला दुसरा.

पाचवं, "बरोबर कुणाला आणायचं तर आण." कुणाची नणंद येते, कुणाची मैत्रीण येते. अशी अनोळखी बाई फार कामाची. तिला होस्टची भीड नसते. ती बिनधास्त म्हणते, "हा रंग मला नाही आवडला." ती एकदा म्हणाली की बाकीच्यांच्या जिवात जीव येतो. त्यांनाही नाही म्हणता येतं.

सहावं, होस्टने "घे गं, तुला छान दिसेल" म्हणायचं नाही. हा माझा कडक नियम. आणि पैसे कुणाच्या देखत नाहीत. क्यूआर कोड आतल्या खोलीत ठेवते. जिला घ्यायची ती आत येते, जिला नाही ती चपला घालून निघते. दाराशी कुणी पिशवी तपासत नाही.

सातवं, होस्टला काय मिळतं ते मी सगळ्यांसमोर सांगते. "या घरासाठी माझ्याकडून एक साडी आहे, आज काहीही विकलं गेलं नाही तरी." लपवलं की संशय येतो. आणि तिची साडी विक्रीवर ठेवली, तर तीच मैत्रिणींच्या मागे लागेल. तो मोह तिच्यासमोर ठेवायचाच कशाला?

आता कुणाला बोलवायचं नाही, तेही सांगते. ज्याच्यावर तुमचा अधिकार चालतो त्याला विक्रीसाठी बोलावताना दहा वेळा विचार करा. ऑफिसात हाताखाली काम करणारी मुलगी "हो मॅडम" म्हणून येईल आणि घेईलही. ती भीड नाही, धाक आहे. तुमच्याकडून उसने पैसे घेतलेली बाई, तिलाही अडचणीत टाकू नका. मग तुम्ही म्हणाल, पोळ्यावाल्या मावशींना कसं बोलावलं? बरोबर प्रश्न आहे. आम्ही त्यांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं, मावशी, पाहुणी म्हणून या, सुट्टी धरा, त्या दिवशीच्या पोळ्या बाहेरून येतील. आणि त्यांनी ब्लाउजपिसं काढली तेव्हा होस्ट तिथे नव्हती, हे मी बघितलं होतं.

आणि एक सावधगिरी, तरुण मंडळींसाठी खास. "माणसं आण" हे वाक्य दोन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकू येतं. एक माझ्यासारखीकडे, जिथे माणसं साडी बघायला येतात आणि घरी जातात. दुसरं तिथे, जिथे आधी तुम्ही पैसे भरता आणि मग तुमच्याखाली माणसं जोडता, आणि त्यांनी भरलेल्या पैशांतून तुमची कमाई होणार असते. दुसरं दिसलं की उठून निघायचं. 2021 च्या थेट विक्रीच्या ग्राहक संरक्षण नियमांत अशा साखळी योजनांना बंदी आहे आणि नुसतं सामील होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने सोन्याची अंगठी मोडून अशा ठिकाणी पैसे भरले होते. कंपनीचं नाव घेत नाही. अंगठी परत आली नाही, एवढं सांगते.

शेवटी त्या पहिल्या वहिनींकडे येते. ती गोष्ट अर्धी सोडली होती ना?

दीड वर्षाने मी त्यांच्याकडे परत गेले. साड्या न घेता. म्हटलं, "वहिनी, तुमच्या त्या मैत्रिणीकडे जाऊ या." त्या नकोच म्हणत होत्या. तरी गेलो. मी त्यांना सरळ विचारलं, "ताई, ती साडी तुम्ही भिडेपोटी घेतलीत ना?" त्या आधी नाही नाही म्हणाल्या, मग हसल्या, मग डोळे पुसले. महिनाअखेर होती, मुलाची फी भरायची होती. म्हणाल्या, "हिने माझ्यासाठी इतकं केलंय, आणि कुणीच आलं नव्हतं गं. हिचा पडलेला चेहरा बघवेना." साडी कपाटात तशीच होती, घडीही मोडली नव्हती. मी ती परत घेतली आणि पैसे त्यांना तिथेच पाठवले. वहिनी म्हणाल्या, "वेडे, मला सांगायचंस ना." आणि ती म्हणाली, "कसं सांगणार? तिघीच तर होतो."

तिघीच तर होतो. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. नवीन होस्ट "सात जणी पुरे झाल्या गं" म्हणाली, की मी तिला ते पान उघडून दाखवते.

पुढच्या महिन्यात त्याच वहिनींकडे पुन्हा प्रदर्शन आहे. या वेळी यादी त्या दोघींनी मिळून केली आहे. एकतीस नावं. पोहे कुणी करायचे यावर वाद चालू आहे.

चला, इथे थांबते. तुम्ही कधी भिडेपोटी काही घेतलं असेल, आणि ते अजून कपाटात पडून असेल, तर त्याची व्हॉइस नोट मला नक्की पाठवा. कुणाचं नाव न घेता. ऐकत राहा, आणि कुणाला बोलवायचं असेल तर आजच फोन करा. अंगठ्याच्या भरवशावर राहू नका.